केबिनमधल्या ओलाव्याचं मूळ कारण

४ सप्टेंबर, सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. रिटायर झालेल्या माणसाने डोकं चालू ठेवावं, असं मीच रिटायर होणाऱ्यांना सांगायचो. सव्वीस वर्षं कंपनीच्या ट्रेनिंग विभागात 'मूळ कारण शोधण्याची पद्धत' शिकवली. स्वतः कारण शोधायची वेळ कधी आली नाही, कारण ते काम शिकून गेलेल्यांचं. आता आली आहे.

झालं असं. जेटीच्या ऑफिसचं पत्र आलंय. चाळीस वर्षांवरच्या सगळ्या लाकडी बोटींची ३० तारखेला तपासणी. केबिनच्या लाकडात वीस टक्क्यांच्या वर ओलावा निघाला तर बोट जेटीवरून हलवायची. हलवून न्यायची कुठे, ते पत्रात नाही. जुन्या बोटी ठेवून घेणारी दुसरी जेटी जवळपास नाही. म्हणजे सरळ मोडीत.

बोट हिची. म्हणजे सासरेबुवांची होती, आता हिची. सासरेबुवा या बोटीतून माणसं पलीकडे सोडायचे आणि शाळा सुटली की ही इथेच असायची. अजून सुट्टीच्या दिवशी केबिनमध्ये जाऊन बसते. काय करतेस विचारलं तर म्हणते, बसलेय.

केबिन गळते हे खरं. हिने पत्र माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवलं आणि म्हणाली, शेजारच्या बोटीतल्या सुतारकाकांना सांगते. मी म्हटलं, घरात तज्ज्ञ असताना? ही माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. त्या नजरेत विश्वास होता.

मग म्हणाली, ठीक आहे, पण एकच करा, बर्थशेजारच्या फळीला हात लावू नका. त्या फळीवर सासरेबुवांनी दोन खेपांच्या मधल्या वेळात हिला पेन्सिलीने गणितं घातलेली आहेत. खाली हिची उत्तरं, बाजूला त्यांच्या लाल पेन्सिलीची बरोबरची खूण. एकूण चौतीस गणितं. त्यात १७ × ६ = ११२ यालाही बरोबरची खूण आहे. लग्न झाल्यापासून मला ते खुपतंय. पण शब्द दिला.

संकल्प: २० तारखेच्या आत केबिन खडखडीत कोरडी.

५ सप्टेंबर, दुपारी

पाहणी केली. ओल तीन ठिकाणी: दोन नंबरच्या खिडकीखाली, बर्थच्या कोपऱ्यात, कपाटामागे. नमुने घेतले. म्हणजे बोटाने घेतले आणि चाटले. बाहेरचं पाणी खारं, आतलं गोडं. अर्थात तळ शाबूत आहे, पाणी वरून येतंय, पावसाचं आहे. पहिल्याच दिवशी निम्मं संशोधन संपलं. तोंडाला जरा गंजाची चव राहिली.

हिला हॉस्पिटलमध्ये फोन केला. ही फिजिओथेरपिस्ट, दिवसभर लोकांचे गुडघे वाकवते, त्यामुळे फोनवर घाईत असते. म्हणाली, अहो, मला माहीत आहे, बाबा दरवर्षी खिडकीच्या पट्टीतली ती भोकं... मी तिथेच थांबवलं. घाईने निष्कर्षावर उडी मारायची नाही. माझ्या ट्रेनिंगची चौदावी स्लाइड. ती म्हणाली, बरं. आणि फोन ठेवला.

संध्याकाळी पोट बिघडलं. नमुने कमी चाटावेत.

७ सप्टेंबर

आज पाच वेळा 'का' विचारायची पद्धत लावली. उत्तरं अशी:

केबिन ओली का? पाणी आत येतं.
का येतं? त्याला वाट आहे.
वाट का आहे? भोकं आहेत.
भोकं का आहेत? कोणीतरी पाडलीत.
का पाडलीत? निष्काळजीपणा.

पाच झाले. पद्धतीनुसार इथे थांबायचं असतं, म्हणून थांबलो.

भोकं प्रत्यक्ष सापडली! खिडकी सरकते त्या ॲल्युमिनियमच्या पट्टीत, बाहेरच्या काठाला, अगदी तळाशी. प्रत्येक खिडकीला तीन, सहा खिडक्यांना अठरा. सगळी एका मापाची, सारख्या अंतरावर. सासरेबुवांच्या निष्काळजीपणातही शिस्त होती, हे मान्य करायला हवं. बऱ्याच भोकांत माती आणि मेलेले किडे गच्च बसलेत. म्हणजे निसर्गानेच ती बुजवायला घेतली आहेत. मला फक्त काम पुरं करायचंय.

चाळीस वर्षांत हे कोणाला दिसलं नाही, कमाल आहे.

८ सप्टेंबर

अठराही भोकं सिलिकॉनने बंद. वेळ: चार तास. त्यातले अडीच तास सिलिकॉनच्या ट्यूबचं तोंड कुठून कापायचं यात गेले. पँट वाया गेली. उजव्या हाताची दोन बोटं संध्याकाळपर्यंत एकमेकांना चिकटून होती. हिने रॉकेल लावून सोडवली आणि विचारलं, नक्की काय बंद केलंत? मी म्हटलं, रिपोर्ट शेवटी एकत्र मिळेल.

शेजारच्या बोटीतला सुतार आपल्या डेकवर बसून हे सगळं बघत होता. याला मी बघाबुवा म्हणतो, कारण कशालाही 'बघा बुवा' एवढंच म्हणतो. मी विचारलं, कसं वाटतंय काम? म्हणाला, बघा बुवा. जुन्या लोकांकडून एवढी दाद मिळणं सोपं नाही.

११ सप्टेंबर, सकाळी ९

काल दिवसभर पाऊस. आज केबिन उघडली तर गादी पाण्यात. आधी खिडकीखाली थेंब थेंब यायचं, आता पट्टी काठोकाठ भरून आत धार लागली आहे. सहाही खिडक्यांना.

पहिल्यांदा जरा खचलो. मग विचार केला. पाण्याची जुनी वाट बंद झाली म्हणून त्याने नवी शोधली. म्हणजे सिलिकॉन उत्तम काम करतंय. पाणी आता नाइलाजाने आत येतंय.

उपाय: आणखी सिलिकॉन. छपरावरची हवा यायची दोन झाकणंही बंद केली, तिथूनही शिंतोडे येत असतील. दारालाही रबर लावलं. आता केबिनमध्ये मुंगीसुद्धा शिरायची नाही. हार्डवेअरवाल्याने दुकानात शिरताच विचारलं, काका, किती ट्यूब? ओळख झाली की बरं असतं.

१३ सप्टेंबर

माझं मत: लांबून देखरेख करून उपयोग नाही. दुखणं असेल तिथे मुक्काम ठोकावा. आजपासून ३० तारखेपर्यंत मी केबिनमध्ये झोपणार. हिला सांगितलं. हिने लगेच होकार दिला. फारच लगेच. पांघरूण, उशी, किटली, टॉर्च स्वतः भरून दिलं आणि गेटपर्यंत सोडायला आली.

ओलावा मोजायचं मशीन आणलं. दोन सुया लाकडात टोचायच्या, आकडा दिसतो. तपासणीवालेही हेच वापरतात म्हणे. आजचा आकडा फळीवर (सुया अगदी कडेला टोचल्या, गणितांना धक्का नाही): २४. भिंतीवर तक्ता लावला. चार टक्के उतरवायचेत, दिवस सतरा. डाव्या हातचा मळ.

१४ सप्टेंबर, सकाळी ६

२५. रात्री पाऊस नव्हता. तरी काचा आतून ओल्याकच्च. छपरावरून एक थेंब बरोबर कपाळावर पडला. चाखला. गोडा.

१५ सप्टेंबर

२७. पावसाचं टिपूस नाही. कपाळावर सहा थेंब.

ओले टॉवेल केबिनमध्येच दोरीवर वाळत घातलेत, बाहेर भरवसा नाही. किटली सकाळ-संध्याकाळ चालू ठेवतो, उबेने लाकूड सुकावं म्हणून. वाफ छान पसरते.

१६ सप्टेंबर

२८. शत्रू पावसाशिवाय हल्ला करतोय. बघाबुवावर संशय. त्याची बोट आमच्यापासून दीड हातावर, आणि तो डेक धुतो. त्याला शांतपणे विचारलं, आपलं पाणी आमच्याकडे येत नाही ना? त्याने आपल्या डेककडे बघितलं, आमच्या बंद झाकणांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाला, बघा बुवा. उत्तर टाळलं, हे वहीत नोंदवून ठेवतो.

बर्थ आखूड आहे. कंबर धरली. आजची रात्र घरी.

१७ सप्टेंबर

घरून आलो. काचा कोरड्या. कपाळाच्या जागी थेंब नाही. आकडा २५. रात्री थोडी भुरभुर होऊनही!

हे तर्कात बसत नाही. मशीनची बॅटरी बदलली. तक्त्यावरचा आजचा आकडा खोडला आणि शेजारी 'मापनदोष' लिहिलं. एखादा आकडा बाकीच्यांशी भांडत असेल तर त्याला बाहेर काढायचं. हे मी दोन हजार माणसांना शिकवलंय.

आज रात्रीपासून पुन्हा मुक्काम.

१८ सप्टेंबर

२८. आकडा पूर्ववत. म्हणजे कालचा चुकीचाच होता.

१९ सप्टेंबर, संध्याकाळी

ही आज केबिन बघायला आली. दार उघडल्यावर एक पाऊल मागे गेली. म्हणाली, अहो, इथे श्वास कसा घेता? मी म्हटलं, कामापुढे त्रासाचं काही वाटत नाही.

मग हिने केसांतली पिन काढली, बाहेरून खिडकीच्या पट्टीत खुपसली आणि माझं सिलिकॉन उचकटलं. साठलेलं पाणी भळाभळा बाहेर गेलं. मी तिला समजावलं की हा योगायोग असू शकतो. तिने ऐकलं नाही, अठराच्या अठरा भोकं मोकळी केली. वर म्हणते, पाणी बाहेर जायलाच असतात ती. बाबा दरवर्षी काडीने साफ करायचे, मी पंधरा दिवस हेच सांगायला बघतेय. सांगायला बघतेय, पण सांगितलं नाही, ही चूक कोणाची? हे मी मनात म्हटलं.

हिच्या बहिणीचं ऑपरेशन आहे, उद्या ही तिकडे जाणार, सात दिवस. जाताना तीन गोष्टी सांगितल्या: वरची झाकणं उघडा, झोपायला घरी जा, कशालाही हात लावू नका. मी मान हलवली. ही म्हणाली, नुसती मान नको. माझे हात हातात घेतले आणि म्हणाली, अहो, ही बोट गेली तर माझ्याकडे बाबांचं काहीच राहणार नाही. मला जरा भरून आलं. हिच्यासाठी काहीतरी करून दाखवायलाच हवं.

२१ सप्टेंबर

काल जोराचा पाऊस झाला, खिडक्यांतून एक थेंब आला नाही. माझ्या दुसऱ्या थराचा परिणाम आता दिसतोय.

पण फळी: ३१. सगळ्या केबिनमध्ये सगळ्यात ओली. माझ्या उशीला लागूनच आहे, त्यामुळे रात्रभर मी तिच्यावर लक्ष ठेवून असतो, तरी ही अवस्था.

झाकणं उघडणार होतो. पण ढग होते. घरी झोपणार होतो. पण मग आकडे कोण घेणार? तिसरी सूचना मात्र काटेकोर पाळतोय.

२३ सप्टेंबर, सकाळी ११

युरेका. ३२!

केबिनमधल्या सगळ्या फळ्यांना जुना रंग आहे. या एकाच फळीला नाही, गणितांमुळे सासरेबुवांनी ती उघडी ठेवली. उघडं लाकूड पाणी पितं. एवढं साधं कारण. बाकी सगळं वरवरचं होतं.

उपाय हार्डवेअरवाल्याकडे आहे. पांढरा वॉटरप्रूफ पेंट, दहा वर्षांची हमी. 'हात लावू नका' असं ही म्हणाली होती. पण सूचनेमागचा हेतू बघायचा असतो. हेतू काय? फळी टिकावी. मी फळी टिकवणार आहे. शिवाय हात कुठे लागतोय, ब्रश लागणार.

२४ सप्टेंबर

दोन हात मारून झाले. केबिन कशी उजळली आहे! डोळे दिपतात.

गणितांचा विचार आधीच केला होता. मी काही दगड नाही. रंग देण्यापूर्वी चौतीसच्या चौतीस गणितं आलेखाच्या कागदावर सुवाच्य अक्षरात उतरवून घेतली, समासासकट. १७ × ६ चं उत्तर १०२ केलं. सासरेबुवांची तेवढी एक चूक एवढी वर्षं तशीच राहिली होती, ती त्यांच्या जावयाने निस्तरली. कागद लॅमिनेट करून आणला. आता पाण्यात टाकला तरी काही होणार नाही.

बघाबुवा खिडकीतून डोकावला. या वेळी 'बघा बुवा' म्हणाला नाही. नुसता उभा राहिला आणि गेला. काम मनाला भिडलं की शब्द सुचत नाहीत.

२७ सप्टेंबर, दुपारी

ही काल उशिरा आली, आज सकाळी बोटीवर. सरप्राइज म्हणून मी तिला डोळे मिटायला लावले. हात धरून केबिनमध्ये नेलं, बर्थवर बसवलं, म्हटलं, उघड.

तिने उघडले. भिंतीकडे बघितलं. मग हात लावून बघितला, तळहात पूर्ण टेकवून. मी लॅमिनेशन हातात दिलं. सगळं वाचलं, वरपासून खालपर्यंत. विचारलं, ११२ कुठाय? मी म्हटलं, दुरुस्त केलं.

ती म्हणाली, त्या दिवशी बाबांना पलीकडून कोणीतरी हाक मारत होतं. त्यांनी न बघताच खूण केली. मी त्यांना फसवलेलं ते एकच, मरेपर्यंत त्यांना कळलं नाही. मी दर सुट्टीला येऊन तेच बघायचे.

मग पर्समधून पेन काढलं आणि १०२ वर ११२ लिहायला गेली. लॅमिनेशनवर पेन चालत नाही. शाई नुसती घसरत होती. चार-पाच वेळा लिहून बघितलं तिने. मी मार्कर आणून देतो म्हणालो. नको म्हणाली.

बराच वेळ डेकवर एकटी उभी होती. अचानक मिळालेला आनंद पचायला वेळ लागतो.

मग आत येऊन माझं पांघरूण गुंडाळलं आणि म्हणाली, तुम्ही घरी जा. माझ्या कमरेची तिला किती काळजी.

२८ सप्टेंबर

घरी. ही बोटीवर. फोन उचलत नाही. मी शेवटी चार वाजता गेलो.

झाकणं सताड उघडी. दार, खिडक्या उघड्या. माझे टॉवेल, माझा तक्ता, किटली, सगळं जेटीवर एका बादलीत. केबिनमध्ये बघाबुवा गुडघ्यावर बसून हिला काहीतरी समजावत होता. पहिल्यांदाच त्याला सबंध वाक्य बोलताना ऐकलं. म्हणत होता, ताई, बाकी दोन दिवसांत सुकेल, पण या फळीतलं पाणी रंगाने कोंडलंय, रंग उतरवल्याशिवाय आकडा खाली येणार नाही. तपासणीवाल्या बाई पहिली सुई इथेच टोचणार.

हिने विचारलं, काका, रंग उतरवला तर खालचं राहील? तो म्हणाला, पेन्सिल आहे ना ताई. रंगाबरोबरच येणार.

मी दारात उभं राहून म्हटलं, यावर एक तिसरा पर्याय असू शकेल, आपण जरा पद्धतशीर विचार करू. दोघांनी माझ्याकडे बघितलं. ही म्हणाली, विचार करायचा तर करा. पण श्वास बाहेर जाऊन घ्या.

मला अर्थ लागला नाही. बादली घेऊन घरी आलो.

२९ सप्टेंबर

ही दिवसभर पाती घेऊन फळी खरवडत होती. मदत घेतली नाही, बघाबुवाचीही नाही. मी जेटीवरच्या बाकावर बसून होतो, तिथून चार नंबरच्या खिडकीतून दिसतं. वरून सुरुवात केली होती. प्रत्येक गणितापाशी थांबायची. रंगाचा पापुद्रा निघाला की खाली काही दिसतंय का बघायची. मग पुढे. कुठेच काही दिसत नसावं, कारण एकदाही ती जास्त वेळ थांबली नाही.

मध्ये एकदा लॅमिनेशन समोर धरून बघत होती, कुठपर्यंत आले ते. मी केलेली ती एक गोष्ट तिच्या उपयोगी पडली. तेव्हा मला फार लाज वाटली. का वाटली, याच्या खोलात शिरलो नाही.

डबा नेला होता. बघाबुवाच्या हाती आत पाठवला. परत आला तसाच.

३० सप्टेंबर

तपासणीवाल्या बाई बरोबर दहाला आल्या. तिशीच्या असतील. माझ्या हाताखाली असत्या तर कॉलर सरळ करायला सांगितली असती. आत गेल्या, सुया टोचल्या. फळीवर दोनदा टोचल्या. १९.

पास. बोट जेटीवर राहणार. हिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि रडली. बघाबुवाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी बाहेर होतो, पण मीही डोळे पुसले. खोटं कशाला लिहू.

बाईंना माझ्या काखेतला तक्ता दिसला. मी पुढे झालो, पद्धत समजावली. त्या लक्ष देऊन बघत होत्या. विचारलं, सतरा तारखेला काय झालं? मी म्हटलं, मापनदोष. त्यांनी विचारलं, सोळाच्या रात्री तुम्ही होतात कुठे? म्हटलं, घरी. आणि बाकीच्या रात्री? म्हटलं, आत. झाकणं? बंद. त्यांनी तोंड दुसरीकडे वळवलं. खांदे हलत होते. मग सावरून समजावलं: रात्रभर माणूस श्वास सोडतो त्यात पाणी असतं, बंद खोलीत ते जाणार कुठे, गार काचेवर आणि लाकडावर बसतं. उशीजवळ सगळ्यात जास्त. त्यात किटली, त्यात टॉवेल.

म्हणजे तेरा तारखेपासून मी चाखत होतो ते माझंच होतं.

फळी ओली नव्हती, मी तिला ओली करत होतो. ती मी ओली केली म्हणून मीच रंगवली, आणि रंगवली म्हणून तिला ती खरवडावी लागली. सासरेबुवांच्या चौतीस गणितांचा आता केबिनमध्ये मागमूस नाही, नुसतं स्वच्छ लाकूड आहे. मला इतकं वाईट वाटलं की बाईंचे आभार मानायचंसुद्धा सुचलं नाही.

बाईंनी हिच्याकडे फॉर्म दिला. मालकाने भरायचे दोन रकाने असतात. हिने डेकवर बसून भरले. मी लांबून वाचायचा प्रयत्न केला, तर स्वतःच कागद फिरवून दाखवला. 'ओलाव्याचं कारण' या रकान्यात लिहिलं होतं: नवरा. 'केलेला उपाय': घरी पाठवला.

मी विचारलं, हे कायमचं का? ही म्हणाली, नाही, पुढच्या तपासणीपर्यंत. मला बरं वाटलं, म्हटलं, म्हणजे पुढच्या महिन्यात? बाई म्हणाल्या, नाही हो काका, पास झालेल्या बोटीची तपासणी तीन वर्षांनी.

संध्याकाळी बघाबुवा येऊन माझी उशी देऊन गेला. अजून ओली आहे. गॅलरीत टाकली.